मातीला चुना लावताना

पानवाल्याने चुन्याचा डबा पुढे करताना एकदाच विचारलं, "एवढा?" मी म्हटलं, "झाडांना हवाय." तो काही बोलला नाही. पुढच्या गिऱ्हाइकाचं पान जुळवता जुळवता मात्र त्याने अशी काही नजर टाकली, की ही बाई उद्या झाडांना कात-सुपारीही चारणार असं त्याला वाटलं असावं. पाव किलोचा डबा होता. घरी आले, अर्ध्या बादलीत तो सगळा कालवला, टोमॅटोच्या कुंडीत ओतला आणि हात धुवायला वळले, तोच वास आला.

वास ओळखीचा होता. लहानपणी सर्दीने नाक चोंदलं की आजी नवसागर आणि चुना एका बाटलीत घालून हलवायची आणि बूच काढून नाकाखाली धरायची. पहिल्याच हुंगण्याला टाळूपर्यंत झिणझिण्या जायच्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी. पुण्यातल्या माझ्या गच्चीवर, टोमॅटोच्या कुंडीतून, तोच वास येत होता. आधी आजी आठवली आणि मग, जरा उशिराच, रसायनशास्त्र. चुना आणि अमोनियाचा कुठलाही क्षार एकत्र आला की अमोनिया सुटतो. आदल्याच रविवारी मी त्या कुंडीला अमोनियम सल्फेट घातलं होतं. म्हणजे खताचे पैसे डोळ्यांदेखत हवेत चालले होते, डोळ्यांत पाणी आणून.

टोमॅटोने दुसऱ्या दिवशी मान टाकली. चौथ्या दिवशी काडी उरली.

आता हे सगळं मी का केलं, तर माती आंबट होती म्हणून. निदान माझी तशी समजूत होती.

माती देवरुखची. वर्षभरापूर्वी दिवाळीनंतर माहेराहून परतताना आम्ही गाडीच्या डिकीत तिची दोन पोती घातली होती. पुण्यात माती विकत मिळते, पण कुठल्या तरी बांधकामाच्या पायातून निघालेला मुरूम पिशवीत भरून विकतात असा माझा एक जुना संशय आहे. त्यापेक्षा आपल्या परसातली बरी. आईने पोती भरू दिली, पण म्हणाली, "अगो, ही माती आंबट. भात, नाचणी, आंबा, काजू एवढंच हिला कळतं. तुझा पालकबिलक नाही हो यायचा." कृषी सहायकाच्या तोंडून कधीतरी ऐकलेला शब्द आईने उचललाय, असं मला वाटलं. माती गोड-आंबट असायला ती काय बोरं आहेत?

आंबा घाट चढून येताना रस्त्याच्या कडेची माती बघत बसायची मला सवय आहे. साखरप्यापर्यंत लाल, घाटमाथ्यावर लाल, मलकापूरलाही लालच. मग कऱ्हाड जवळ येतं तसतसा रंग उतरायला लागतो आणि पुढे केव्हा काळी सुरू झाली ते नेमकं सांगता येत नाही. शाळेत आपण शिकलो की कोकणात जांभ्याची लाल माती आणि देशावर काळी कसदार माती. पण दोन्हींचा बाप एकच आहे, हे शाळेत कुणी ठासून सांगितल्याचं आठवत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरून जो काळा दगड झाला, तोच देशावर झिजून काळी माती झाला आणि तोच रत्नागिरीकडे झिजून जांभा आणि लाल माती झाला. फरक केला तो मुख्यतः पाण्याने. देवरुखच्या बाजूला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस. पुण्याला त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. एवढं पाणी हजारो-लाखो वर्षं दगडातून झिरपत राहिलं की त्यातलं विरघळण्याजोगं सगळं धुऊन नेतं. कॅल्शियम गेलं, मॅग्नेशियम गेलं, सोडियम तर केव्हाच गेलं. मागे उरलं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंडाचा तो लाल रंग. देशावर पाऊस कमी, म्हणून तिथलं कॅल्शियम फार दूर गेलंच नाही. जमिनीतच चुनखडीचे पांढरे खडे होऊन बसलं. फ्रान्सिस बुकाननने १८०७ मध्ये मलबारातल्या अशा दगडाला 'लॅटराइट' नाव दिलं, ते विटेच्या लॅटिन शब्दावरून, कारण लोक तो विटांसारखा कापून घरं बांधत होते. आमच्याकडे त्याला चिरा म्हणतात आणि त्याच्याच भिंतींच्या घरात मी वाढले.

मातीत ॲल्युमिनियम मोकळं सुटलं की मुळांची टोकं खुंटतात. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, घातलं तर लोखंड आणि ॲल्युमिनियम त्याला घट्ट धरून ठेवतात, झाडाला देत नाहीत. यालाच आई 'आंबट' म्हणत होती, आणि तिचं शंभर टक्के बरोबर होतं. माझी चूक त्यापुढची आहे.

पहिले तीन-चार महिने कुंड्या मजेत होत्या. मग पालक दोन पानांवर अडून बसला. घेवडा वाढला, पण फिका. टोमॅटोच्या फळांच्या बुडाला काळे, खोलगट डाग. कॅल्शियम पोचत नसल्याची ही खूण, हे नंतर कळलं. प्रत्येक तक्रारीला माझ्याकडे एकच उत्तर होतं: खत. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक कुंडीला अर्धा चमचा अमोनियम सल्फेट, पाण्यातून. साखरेसारखं दिसतं, स्वस्त असतं आणि दोन-तीन दिवसांत पानं हिरवीगार होतात. त्या हिरवेपणाने मला वर्षभर फसवलं.

शेवटी आईचं बोलणं आठवून मी एक यंत्र मागवलं, दोन सळ्या मातीत खुपसायच्या आणि वर काटा फिरतो ते. त्याने मातीला ७ दाखवले, म्हणजे ना आंबट ना अल्क. ओल्या फडक्यालाही ७. लिंबाच्या फोडीत खुपसलं तेव्हाही तो काटा सातापासून फारसा ढळला नाही, तेव्हा त्याला मी मुलांच्या खेळण्यांत टाकून दिलं. मग घरगुती उपाय. हळदीवर मातीची निवळी टाकून बघितली, ढिम्म. हळद लाल होते ती चुन्यासारख्या अल्कासमोर (हळदीचं कुंकू होतं ते असंच), आंबटपणाशी तिला काही देणंघेणं नाही. गोकर्णाची निळी फुलं उकळून त्यात निवळी घातली. निळी ती निळीच. लिंबू पिळल्यावर झाली जांभळी. म्हणजे तिला रंग बदलायला लिंबाइतकी आंबट गोष्ट लागते आणि मुळांना त्याच्या कितीतरी आधी त्रास सुरू होतो. एवढ्यावरच मी आईचा शब्द प्रमाण मानून पानवाल्याकडे गेले. पुढचं सांगितलंच.

टोमॅटो गेल्यावर शहाणपण आलं. एका माती परीक्षण प्रयोगशाळेत तीन पुड्या घेऊन गेले, सावलीत वाळवलेल्या, चाळलेल्या, नावं घातलेल्या. अर्जावर पहिला रकाना गट क्रमांक, दुसरा क्षेत्र. खिडकीतल्या मुलाने विचारलं, "एकर किती?" मी म्हटलं, "कुंड्या आहेत." त्याने पेन खाली ठेवलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि क्षेत्राच्या रकान्यात शांतपणे एक आडवी रेघ मारली. या मुलाबद्दल मला अजून आदर वाटतो.

शेतकी मराठीत पीएचला, म्हणजे आंबटपणाच्या मापाला, 'सामू' म्हणतात. किती आटोपशीर शब्द आहे! कोपनहेगनमधल्या एका बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत, कार्ल्सबर्गमध्ये, सोरेन्सन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली ही मोजपट्टी काढली आणि ती आमच्या शेतकी पुस्तकांत येऊन सामू झाली, एखाद्या शेजारच्या मुलाचं नाव असावं तशी. या सामूची एक खोड लक्षात ठेवायची: तो एकाने उतरला की आंबटपणा दसपट होतो.

अहवाल आला. न उघडलेल्या पोत्यातली माती: सामू ५.६. घेवड्याच्या कुंडीतली: ४.७. चुना ओतलेल्या टोमॅटोच्या कुंडीतली: ८.४.

मी तो कागद स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून बराच वेळ बघत राहिले. ८.४ चं आश्चर्य नव्हतं, तो गुन्हा कबूलच होता. पण माती देवरुखहून आली तेव्हा ५.६ होती, तर माझ्या गच्चीवर ती ४.७ कशी झाली? म्हणजे जवळजवळ आठपट आंबट. इथे ना तो पाऊस, ना लाखो वर्षं. मग केलं कुणी?

त्या साखरेसारख्या खड्यांनी. अमोनियम सल्फेट मातीत पडलं की तिथले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात आणि त्या खटपटीत आम्ल बाहेर पडतं. शेतकीच्या पुस्तकांत याचा साधा हिशोब दिलेला असतो: १०० किलो अमोनियम सल्फेटने जो आंबटपणा होतो तो मोडायला सुमारे ११० किलो चुनखडी लागते. युरियाला हाच आकडा ८० च्या आसपास. आता माझा अर्धा चमचा म्हणजे अडीच ग्रॅम धरा. वर्षात चोवीस वेळा. ६० ग्रॅम खत, म्हणजे एका कुंडीमागे ६६ ग्रॅम चुनखडीचं देणं.

आणि मूळ माती किती आंबट होती? समजा तिला हेक्टरी २ टन चुनखडी लागेल. हे प्रमाण मातीमातीप्रमाणे कमी-जास्त होतं, पण हिशोबाला धरू. हेक्टरभर जमिनीची वरची सहा-सात इंच माती सुमारे २२.४ लाख किलो भरते. माझ्या बारा इंची कुंडीत माती पंधरा किलो. त्रैराशिक मांडलं तर कुंडीला लागणार तेरा-चौदा ग्रॅम. तीन चमचे! देवरुखच्या मातीचा सगळा वडिलोपार्जित आंबटपणा तीन चमच्यांचा. माझ्या वर्षभराच्या काळजीचा त्याच्या पाचपट.

हा कागदावरचा हिशोब आहे. काही खत झाडाने घेतलं असेल, काही पाण्याबरोबर गटारात गेलं असेल. तरी दोन्ही मिळून देणं ८० ग्रॅमचं, आणि टोमॅटोला मी पाजलेला चुना निम्मं पाणी वजा करूनही चुनखडीच्या मापात दीडशेच्या पुढे जातो. तोही एका घोटात. शिवाय चुना आणि चुनखडी या सख्ख्या बहिणी असल्या तरी स्वभाव वेगळे. विझवलेला चुना कडक. त्याच्या पाण्याचा सामू बारावर जातो आणि मुळं भाजून निघतात. दळलेली चुनखडी सावकाश, दोन-तीन महिने घेऊन काम करते आणि चुकून जास्त पडली तरी सामूला सव्वाआठ-साडेआठच्या वर फारसं नेत नाही. हे मला पानवाला सांगणार नव्हता. रोपवाटिकेवाल्याने तर मला जिप्समची पिशवी दिली होती, "कॅल्शियमच आहे ना ताई, एकच." एकच नाही. जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम साचून बिघडलेल्या, जमिनी सुधारायला वापरतात. त्यात कॅल्शियम आहे, पण आंबटपणा मारायची ताकद नाही.

शेतात माणूस चुकला तर चूक पसरायला जागा असते. मुळं बाजूला सरकतात, खाली जातात, पुढचा पाऊस येतो. कुंडीला बूड आहे. तिच्यात जे जातं ते सगळं एकाच झाडाच्या तोंडी, आणि देणारा हातही एकच.

फोनवर आईला सगळे आकडे वाचून दाखवले. तिला ५.६ वगैरेत रस नव्हता. "माती कुठे अशी कप-बशीने दुरुस्त करायची असते?" म्हणाली. मग भाजावळीचा विषय निघाला. शिमग्याच्या आसपास कोकणात भाताच्या रोपांची जागा, म्हणजे राब, भाजतात. शेण, तोडलेली कवळं, पातेरा, गवत असे थर लावून वरून माती भुरभुरायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचं. लहानपणी आम्हा मुलांना त्या धुराचंच अप्रूप. अंगाला, केसांना, परकराला तो वास चार दिवस असायचा. पुढे मृगाच्या सुमाराला त्याच काळ्या राखाडी तुकड्यात बी पेरायचं आणि तरवा, म्हणजे भाताची रोपं, असा तरारून यायचा की बाजूच्या न भाजलेल्या जमिनीशी तुलनाच नको. तणाचं बी जळतं हे एक कारण. दुसरं कारण राख. लाकडाच्या राखेत कॅल्शियम आणि पोटॅशचे कार्बोनेट असतात, म्हणजे ती आंबटपणा मारते. पिढ्यान्‌पिढ्या आमची माणसं माती दुरुस्त करत होती, फक्त तेवढ्याच तुकड्याची, जिथे रोपं कोवळी असतात. सगळी खाचरं भाजायचा विचारही कुणी केला नाही. आता राबासाठी झाडं ओरबाडली जातात, जमिनीतला कर्ब जळतो म्हणून भाजू नका असं सांगतात, आणि तेही खरं आहे. आईकडे गेली सहा-सात वर्षं भाजावळ बंद आहे. धुराबद्दल ती बोलते तेव्हा आवाज जरा बदलतो, एवढंच.

राख शोधायला मी आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे गेले. तो अजून लोणारी कोळशाची इस्त्री वापरतो. त्याने कागदाच्या पुडीत दोन मुठी राख बांधून दिली आणि पैसे घेतले नाहीत, उलट साहेबांचे शर्ट आठवडाभर का आले नाहीत ते विचारलं. त्यातली चिमूट चिमूट मी पालकाच्या कुंडीला देत राहिले. (अंड्याची कवचंही एके काळी चुरून घातली होती. वर्षाने कुंडी उपसली तर ती तशीच्या तशी, एकावर तर पोल्ट्रीचा शिक्काही वाचता येत होता. कवच म्हणजे चुनखडीच, पण पिठासारखं दळल्याशिवाय ते मातीशी बोलायलाही तयार नसतं.)

खत बंद केलं. शेणखत आणलं. घेवडा उपटून मुळं बघितली तर हवेतलं नत्र धरून झाडाला देणाऱ्या गाठींचा पत्ता नव्हता. आंबट मातीत गाठी करणारे जिवाणू नांदत नाहीत हे एक; आणि दर पंधरवड्याला आयतं नत्र ताटात येत असताना झाड तरी कशाला पाहुणे पोसेल?

मार्चमध्ये आमच्या सोसायटीचं धरणाचं पाणी कमी झालं आणि टँकर सुरू झाले. हे दर वर्षीचं. टँकरचं पाणी बोअरचं असतं. भांड्यांवर पांढरे डाग पडतात, साबणाला फेस येत नाही, नळाच्या जाळीत चुरा अडकतो. माझ्या डोक्यात कुंड्यांचा आणि टँकरचा काही संबंधच नव्हता. पाणी ते पाणी. मे महिन्यात शेजारचे काका कुंडीतल्या अनंताकडे बघून म्हणाले, "ताई, याच्यावर केवडा पडलाय."

काका श्रीरामपूरकडचे. चाळीस वर्षं ऊस केला, आता मुलाकडे राहतात आणि आमच्या सामाईक गच्चीच्या भिंतीवरून माझ्या शेतीकडे करुणेने बघतात. नवी पानं पिवळी फटक आणि शिरा तेवढ्या हिरव्या, याला त्यांच्याकडे केवडा म्हणतात. लोह मिळत नसलं की असं होतं. मी म्हटलं, "काका, ही लाल माती आहे, हिच्यात लोखंडाशिवाय दुसरं आहे काय?"

"असू द्या ना. तिजोरीत असून काय उपयोग? आमच्याकडं चुनखडीच्या रानात लोखंड कमी असतं असं नाही. पण चुनखडी किल्ली फिरवू देत नाही. हिराकस, म्हणजे लोखंडाचं सल्फेट, द्यावं लागतं, तेही शेणखतात आठ दिवस मुरवून. नुसतं टाकलं की गेलं." मग नळाखालच्या फरशीवरचा पांढरा थर नखाने खरवडून मला दाखवत म्हणाले, "हे रोज पाजताय ना त्याला."

त्या रात्री मी सोसायटीच्या फलकावरचा पाण्याचा अहवाल पहिल्यांदा वाचला. तो तिथे वर्षानुवर्षं लागतो आणि त्याच्यावर लग्नपत्रिका टाचतात. लिटरमागे अल्कता, म्हणजे आंबटपणा मारायची ताकद, ३०० मिलिग्रॅमच्या आसपास, चुनखडीच्या मापात. कुंडीला रोज एक लिटर, चार महिने. १२० लिटर. म्हणजे ३६ ग्रॅम.

मूळ मातीला लागणार होते तेरा-चौदा. टँकर एका उन्हाळ्यात अडीचपट देऊन गेला, न विचारता, सगळ्या कुंड्यांना सारखा. आम्हाला चुना लावला जातोय हे माहीत होतं, कारण टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये दिसायचा. झाडांनाही लागतोय हे लक्षात आलं नव्हतं.

पालकाला ते पाणी मानवलं होतं, हे इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. एप्रिलपासून तो सुधारत होता आणि मी श्रेय इस्त्रीवाल्याच्या राखेला देत होते. अनंताला मात्र आंबट मातीच लागते. तो देवरुखच्या विहिरीजवळच्या झाडाची फांदी. तिथे कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही आणि तो पावसाळ्याच्या तोंडाला पांढऱ्या फुलांनी भरतो. त्याला मी आंबट मातीतून उचलून आंबट मातीतच लावलं होतं, सगळं बरोबर केलं होतं, आणि मग रोज एक लिटर देश पाजला होता.

घाटाच्या दोन बाजूंना जे झालं तेच माझ्या गच्चीवर होत होतं, फक्त घाईघाईने. माती मी देवरुखहून आणली, पण पाणी कुठलं आणणार होते? मी वर्षभर मातीकडे बघत होते, तिला नावं ठेवत होते, तिला औषधं देत होते. नळाकडे एकदाही बघितलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काका गावाहून आले ते एक पिशवी घेऊन. त्यांच्या रानातली काळी माती, पांढऱ्या खड्यांसकट. "तुमच्या लाल मातीला हीच द्या. पानवाल्याकडं नका जाऊ." आम्ही गच्चीवर उकिडवे बसून एका खड्यावर लिंबू पिळलं. फसफसलं. माझ्या मातीवर पिळलं, नुसती भिजली. काकांना हा खेळ इतका आवडला की त्यांनी माझी आणखी दोन लिंबं संपवली आणि नातवाला हाक मारून तिसऱ्याचीही वाट लावली.

त्यांच्या मातीचा अहवाल त्यांना तोंडपाठ होता: सामू ८.२, चुनखडी ८ टक्के. म्हणजे किलोत ८० ग्रॅम. घेवड्याच्या कुंडीचं देणं ८०, त्यातले काही टँकरने आधीच फेडलेले. टँकरचे ३६ वजा करून उरले ४४, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडी जास्त काळी माती. खडे बत्त्याने कुटले, कुंडी कागदावर उपसली, काळं-लाल हाताने कालवलं. ओल्या लाल मातीत काळी माती चटकन मिसळत नाही. तिचे चिकट गोळे होतात, ते बोटांनी फोडत बसावं लागतं. एकाच दगडाच्या दोन माती माझ्या परातीत भेटत होत्या आणि एकमेकींना अजिबात ओळखत नव्हत्या. काका म्हणाले, "मिसळतील. पाऊस पडू द्या."

सप्टेंबरमध्ये परत पुडी घेऊन गेले. तोच मुलगा खिडकीत होता. त्याने क्षेत्राच्या रकान्यात न विचारता आडवी रेघ मारली. सामू ६.३. घेवड्याच्या मुळांवर गाठी आल्यात, मोहरीएवढ्या. एक नखाने फोडली तर आत गुलाबी. म्हणजे जिवंत आहेत, कामाला लागल्यात. पालकाची भाजी दोनदा झाली आणि दुसऱ्या वेळी काकांकडेही वाटी गेली.

अनंताच्या कुंडीची सगळी माती काढून टाकली. दुसरं पोतं अजून अर्धं होतं, सुतळीने बांधलेलं, देवरुखची तीच ५.६ वाली. ती भरली, काही घातलं नाही. पावसाळाभर त्याला आभाळाचंच पाणी मिळालं. काका परतफेड म्हणून लाल माती मागत होते, नातवाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी, एक डबा. अर्धा डबा दिला. मार्चनंतरचं काय ते अजून ठरलेलं नाही. तूर्त बेडरूमच्या एसीच्या नळीखाली एक बादली ठेवली आहे, आणि तिच्यावर खडूने लिहिलंय, 'अनंत. कुणी फरशी पुसू नये.'